आफ्रिकेतल्या लाकडी उश्या : आधी केस बघा, मग लाकूड

काष्ठवेडी (धागाकर्ती)

कुठल्याही मोठ्या संग्रहालयात आफ्रिकेचं दालन असलं की एका कपाटात या वस्तू हमखास मांडलेल्या असतात. वीतभर उंची, वर किंचित खोलगट फळी, मधे एकदोन खांब किंवा कोरलेली आकृती, खाली बैठक. पाटीवर ‘हेडरेस्ट, लाकूड’ एवढंच. लोक थांबतात, ‘यावर झोपायचे? मान अवघडत नसेल?’ असं एकमेकांना विचारतात आणि मुखवट्यांकडे वळतात. मला या उश्यांचं फार वेड आहे, आणि त्यांच्याकडे इतकं ओझरतं बघितलं जातं याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं, की ही उशी समजून घ्यायची तर तिच्यावर टेकणाऱ्या डोक्यापासून सुरुवात करायला हवी. त्यातही केसांपासून.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागातल्या लुबा लोकांचं उदाहरण घ्या. १९ व्या शतकात त्यांच्यातल्या शंकादी गटात मानाच्या माणसांची केशरचना डोक्यामागे टप्प्याटप्प्याने खाली उतरत जायची. ती बांधायला तासन्‌तास लागत आणि नीट राखली तर कित्येक आठवडे टिके. कोण विवाहित, कोण कुठल्या हुद्द्यावर, हे त्या केसांवरून कळे. अशी रचना रात्री मऊ उशीत दाबली तर सकाळी तिचं काय उरेल? लाकडी टेकू मानेला आणि कानामागच्या हाडाला आधार देतो, केस मागे अधांतरी राहतात. माणूस झोपतो, रचना शाबूत राहते.

आता त्या टेकूवरचं कोरीवकाम बघा. शंकादी भागात एक विलक्षण कारागीर होऊन गेला. त्याच्या टेकूंमध्ये बसलेली स्त्री, कधी समोरासमोर बसलेल्या दोन स्त्रिया, वरची फळी डोक्यावर तोलून धरतात, आणि त्यांच्या डोक्यामागे हीच टप्प्यांची केशरचना पंखासारखी पसरलेली असते. म्हणजे जी रचना जपायला हा टेकू घडवला, तीच रचना टेकू धरणाऱ्या बाईच्या डोक्यावर. कलेचे अभ्यासक त्याला ‘धबधबा केशरचनेचा उस्ताद’ म्हणतात. त्याचं खरं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. वस्तू उचलून नेणाऱ्यांनी ‘कुणी केली’ हे विचारलंच नाही. हे अटळ होतं असं मला वाटत नाही. लुबांच्याच बुली शैलीतल्या राजआसनांचा कर्ताही बराच काळ ‘बुलीचा उस्ताद’ या नावानेच ओळखला जायचा. पुढे चौकशी झाली तेव्हा त्या घडणीशी न्गोन्गो या चिंतू हे नाव जोडलेलं सापडलं. विचारलं की नावं निघतात.

दुसरं उदाहरण शोना लोकांचं, झिम्बाब्वेतलं. त्यांच्या उशीला ‘मुत्सागो’ म्हणतात. इथे माणसाची पूर्ण आकृती नसते. मधल्या भागात एकात एक वर्तुळं, त्यांना जोडणारे तिरपे पट्टे, खाली दोन पाकळ्यांची बैठक. काही अभ्यासक या सगळ्या आकारात स्त्रीचं शरीर वाचतात. बारीक रेघांची नक्षी शोना स्त्रिया अंगावर काढून घेत त्या व्रणांच्या नक्षीशी जुळते, आणि वर्तुळं ‘न्दोरो’शी. न्दोरो म्हणजे हिंदी महासागरातल्या शंखाच्या बुडाची चकती, राजे आणि मानकरी ती अंगावर घालत.

मुत्सागो वापरायचे मुख्यतः पुरुष, आणि तो प्रत्येकाचा स्वतःचा. झोपेत माणूस आपल्या पूर्वजांना भेटतो, स्वप्नात ते बोलतात, अशी श्रद्धा. त्यामुळे ज्यावर डोकं ठेवून ती भेट होते ती वस्तू घरातल्या इतर सामानात मोडत नाही. मालक गेला की टेकू त्याच्याबरोबर पुरत किंवा वारसाकडे जाई. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकमधल्या त्सोंगा लोकांत तर वडिलांचा टेकू मुलगा जपून ठेवी आणि त्यांच्याशी बोलायचं असलं की तो काढी. वर्षानुवर्षांचा घाम, केसांतलं तेल, गेरू लाकडात मुरलेला. त्या माणसाचं याहून जवळचं दुसरं काय उरणार?

म्हणून ‘हेडरेस्ट, लाकूड’ ही पाटी मला अपुरी वाटते. तुमच्यापैकी कुणी या वस्तू वापरात बघितल्या असतील, लाकडाबद्दल काही माहीत असेल, तर जरूर लिहा.

---

मीनलत

किती सुंदर लिहिलं आहेस ताई. वाचनखूण साठवली. ती केस जपणारी उशी आणि तिच्यावरच्या बाईचे तेच केस, हे वाचून पुन्हा वर जाऊन वाचलं.

---

दर्यावर्दी

केसांपासून सुरुवात करायला हवी याला पूर्ण अनुमोदन, आणि त्यासाठी एक जुनी साक्ष देतो.

जुआंव दुश सांतुश नावाचा पोर्तुगीज डोमिनिकन धर्मगुरू १६ व्या शतकाच्या अखेरीस आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर, सोफाला भागात राहिला होता. त्याचा ‘एतिओपिया ओरिएंताल’ हा ग्रंथ १६०९ साली एव्होराला छापला गेला. सोफालाच्या आतल्या बाजूला किटेव्ह हे शोनाभाषक राज्य होतं. तिथले पुरुष केसांना पीळ देऊन डोक्यावर शिंगं उभी करतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. राजाची शिंगं बांधायची पद्धत वेगळी, आणि तिची नक्कल करायची इतरांना परवानगी नाही! एखाद्या समाजात केसांना इतका मान असेल, तर रात्री ते सांभाळायची सोय त्या समाजाने केली नसती तरच नवल.

हा दुश सांतुश शेवटी गोव्यात वारला, १६२२ साली. हा निव्वळ योगायोग नव्हे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. माणसं, कापड, मणी, हस्तिदंत, सोनं यांची ये-जा सतत चालू. काष्ठवेडी यांनी न्दोरोचा उल्लेख केला आहे. त्या शंखचकत्यांना आत इतकी मागणी होती की पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्यांच्या चिनी मातीतल्या नकला आणून विकल्या. तेव्हा मुत्सागोवरचं ते वर्तुळ बघताना त्यामागे आपल्यापर्यंत पोचणारा समुद्रही दिसायला हरकत नाही.

---

मणकेतज्ज्ञ

‘मान अवघडत नसेल का’ या प्रश्नावर थोडं लिहितो, कारण रोजचे रुग्ण हाच प्रश्न घेऊन येतात.

आपण डोळ्यांसमोर उताणं झोपलेलं माणूस आणतो आणि त्याच्या मानेखाली हा ठोकळा ठेवतो. या उश्या बहुतेकदा कुशीवर झोपून वापरल्या जातात. कुशीवर झोपलं की खांद्याच्या रुंदीमुळे डोकं आणि जमीन यांच्यात अंतर पडतं. ते भरून निघालं नाही तर मान खाली लटकते. यातल्या बऱ्याच उश्यांची उंची १२ ते २० सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे साधारण तेवढंच अंतर. आधार येतो कानाखाली आणि जबड्याच्या मागच्या हाडाला. वरची फळी खोलगट असल्याने डोकं घरंगळत नाही.

लहानपणापासून सवय असलेल्या माणसाला यात त्रास व्हायचं कारण मला दिसत नाही. उष्ण प्रदेशात डोक्याखालून वारा खेळता राहतो आणि जमिनीवरच्या किड्यामुंग्यांपासून कान-चेहरा वर राहतो, हेही आहेच. मात्र कुणी ‘मानदुखीवर रामबाण’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. सवय नसलेल्या मानेला लाकडाचा ताण येईल.

---

नैरोबीकर

मी केनियात राहतो. कामानिमित्त उत्तरेला लोडवारकडे जाणं होतं. तुर्काना लोकांच्या हातात ही वस्तू आजही दिसते, त्यामुळे हिला सरसकट भूतकाळात ढकलू नका अशी विनंती.

तुर्काना तिला ‘एकिचोलॉन्ग’ म्हणतात. तो दिवसा स्टूल, रात्री उशी. वयस्क माणूस घराबाहेर पडला की एका हातात काठी, दुसऱ्या हातात हा. चामड्याची वादी असते, तिच्यात बोटं अडकवून किंवा मनगटाला लटकवून नेतात. झाडाखाली बैठक भरली की प्रत्येकजण आपापल्यावर बसतो. वाळू तापलेली असते, काटे असतात, तेव्हा जमिनीपासून वीतभर वर असण्याची किंमत कळते. दुसऱ्याचा न विचारता घेत नाहीत.

केसांचं म्हणाल तर तुर्काना पुरुष पूर्वी केस चिकणमातीने लिंपून, रंगवून, मागे घट्ट अंबाडा करत आणि त्यात शहामृगाची पिसं खोचत. माती वाळली की ती रचना कडक होई. ती जमिनीला टेकली तर तडकणार. मातीचा अंबाडा आता फारच विरळा झाला, तरी एकिचोलॉन्ग टिकला, कारण बसायची गरज टिकली. सीमेपलीकडे इथिओपियात ओमो खोऱ्यातल्या हामार लोकांचा ‘बोरकोतो’ असाच, स्टूल आणि उशी एकत्र. युगांडातले करामोजोंगही असंच काही वापरतात.

काष्ठवेडी, तुमच्या मांडणीत एक भर घालावीशी वाटते. लुबांचा टेकू घरात राहणाऱ्या मानकऱ्याचा आहे. गुराख्याचा टेकू रोज मैलोन्‌मैल चालतो. त्याच्यावर आकृती कोरली तर ती मोडेल, वजनही वाढेल. इथे सौंदर्य उतरतं ते रेषेत आणि तोलात. तुम्ही हातात घेतलात तर कळेल किती हलका असतो.

---

रंधापटाशी

मी लाकूडकाम करतो. फोटो मोठे करकरून पाहिले. नैरोबीकरांनी तोलाचा मुद्दा काढलाच आहे, तर लाकडाच्या बाजूने लिहितो.

वरची फळी आडवी लांब आणि बारीक. ती मजबूत राहायला तिचे रेषे लांबीच्या दिशेने हवेत. पण सगळं एकाच ओंडक्यातून काढायचं म्हटलं की मग मधल्या उभ्या खांबांत रेषे आडवे येतात. आडव्या रेषांचा बारीक खांब टिचकीने तुटतो. हा पेच या कारागिरांनी दोन तऱ्हांनी सोडवलेला दिसतो.

शोना, त्सोंगा पद्धतीत मधे एकच काठी न ठेवता रुंद पडदा ठेवला आहे आणि त्यात वर्तुळं, तिरपे पट्टे कोरले आहेत. भार अनेक वाटांनी खाली उतरतो. जी नक्षी आपल्याला शोभा वाटते, तीच तिथे ताकद धरून आहे. पातळ जागी वाकस किती हलक्या हाताने चालवला असेल, याची कल्पना मला करता येते. पुढचं काम सुरीचं.

गुराख्यांची पद्धत वेगळी. दक्षिण सुदानच्या दिंकांच्या आणि काही तुर्काना टेकूंमध्ये झाडाचं बेचकंच निवडलेलं असतं. फांदी जिथे फुटते तिथे रेषेही तिच्याबरोबर वळतात, त्यामुळे पाय आयते मजबूत मिळतात. आपल्याकडे नांगरासाठी मुळात वाकलेलं बाभळीचं खोड हेरून ठेवायचे, त्याच जातीची ही नजर. झाड उभं असतानाच त्यात वस्तू दिसायला लागते. तीन पायांचे दिंका टेकू तर चालत्या जनावरासारखे दिसतात, आणि त्यासाठी कारागिराने फार थोडं काढून टाकलेलं असतं.

मला याचं फार कौतुक वाटतं. यात सांधा नावाचा प्रकारच नाही, खिळा नाही, सरस नाही.

---

इजिप्तप्रेमी

धागा उत्तम. पण ही सगळी परंपरा मूळ इजिप्तची ना? तूतनखामेनच्या थडग्यात अशा उश्या सापडल्या आहेत. हस्तिदंती उशी तर प्रसिद्धच आहे: मधे गुडघ्यावर बसलेला वायुदेव शू दोन्ही हातांनी फळी पेलतोय आणि दोन बाजूंना दोन सिंह. निळ्या काचेची एक आहे. शिवाय ममीच्या डोक्यामागे ठेवलेली एक चिमुकली लोखंडी उशी, आणि इजिप्तमध्ये तेव्हा लोखंड सोन्याहून दुर्मीळ होतं. त्याआधी हजारभर वर्षं खुफूच्या आईची, हेतेफेरेसची, सोन्याचांदीने मढवलेली उशी गिझाला मिळाली आहे. मृतांच्या ग्रंथात १६६ वा मंत्र खास उशीसाठी आहे, मृताचं डोकं त्याच्यापासून कुणी हिरावून घेऊ नये म्हणून. तिथूनच ही कल्पना नाईलच्या वाटेने खाली गेली असणार.

---

काष्ठवेडी

इजिप्तप्रेमी, तुम्ही दिलेली उदाहरणं मलाही प्रिय आहेत. फळी पेलणारा शू आणि दोन सिंह म्हणजे क्षितिजाचे दोन डोंगर, आणि मधे ठेवलेलं राजाचं डोकं म्हणजे रोज उगवणारा सूर्य. एवढा मोठा विचार एका उशीत मावतो याचं मला नेहमी नवल वाटतं.

पण ‘तिथूनच खाली गेली’ या वाक्याशी मी सहमत नाही, आणि हे ठामपणे लिहायला हवं. या वाक्याला इतिहास आहे. १८९१ मध्ये थिओडोर बेंट हा इंग्रज संशोधक शोनांच्या मुलखातले ग्रेट झिम्बाब्वेचे दगडी अवशेष खणायला गेला. ते बांधणारे स्थानिक असतील हे त्याला पटत नव्हतं, बाहेरून आलेली कुणी प्राचीन जमात तो शोधत होता. शोना लोकांच्या लाकडी उश्या दिसल्या तेव्हा त्याने त्याही लगेच इजिप्तच्या उश्यांशी जोडल्या. पुढे १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या बांधकामाची मुळं आफ्रिकीच असल्याचं दाखवून दिलं. उशीच्या बाबतीत मात्र ते जुनं वाक्य अजून फिरतं आहे.

मालीमधल्या बांदियागारा कड्याच्या गुहा बघा. डोगोन लोक तिथे येण्यापूर्वी तेल्लेम लोक आपले मृत त्या उंच गुहांमध्ये ठेवत, आणि बरोबर लाकडी उश्या. कोरड्या हवेमुळे त्या टिकल्या. १९६० आणि ७० च्या दशकात डच संशोधकांनी तिथे काम केलं. त्यातल्या काही ११ व्या-१२ व्या शतकाइतक्या जुन्या ठरल्या. सहाराच्या दक्षिणेला इतकं जुनं कोरीव लाकूड फार थोडं हाती लागलं आहे, वाळवी आणि ओल सगळं खाते. अशा परिस्थितीत इजिप्तचं आधी सापडलं म्हणून तेच मूळ, हे अनुमान मला मान्य नाही. तिथे वाळवंट होतं म्हणून ते टिकलं.

आणि टेकायची गरज तर सगळीकडेच. जपानमध्ये मोठे अंबाडे जपायला उंच उशी होती, फिजीत ‘काली’ आहे. त्यांना कुणी नाईलपासून काढत नाही.

---

इजिप्तप्रेमी

वाळवंटामुळे टिकलं हा मुद्दा पटला. तेल्लेमबद्दल पहिल्यांदाच वाचलं. इजिप्तच्या बऱ्याच लाकडी उश्या बैठक, खांब आणि फळी अशा वेगवेगळ्या तुकड्यांच्या असतात, हे रंधापटाशी यांचं वाचून आठवलं. म्हणजे घडणीची पद्धतही वेगळीच.

---

जुनाबाजार

मी जुन्या वस्तू गोळा करतो. अलीकडे ऑनलाइन ‘जुना आफ्रिकन हेडरेस्ट’ म्हणून पुष्कळ माल दिसतो. खरा कसा ओळखायचा?

---

नैरोबीकर

प्रवाशांसाठी नवे बनवतात, त्यात वाईट काही नाही. कारागिराचं पोट त्यावर चालतं आणि हात चालू राहतो. नवा नवा म्हणूनच घ्या, योग्य किंमत द्या आणि कारागिराचं नाव विचारून घ्या. काष्ठवेडी यांचं गाऱ्हाणं निदान पुढच्या पिढीपुरतं तरी मिटेल.

फसवणूक होते ती काजळी, धूर, बूटपॉलिश लावून जुना केलेल्या मालात. वापरलेल्या टेकूला चकाकी असते ती जिथे डोकं आणि हात लागतात तिथे: वरच्या खळग्यात, पकडायच्या जागी. बैठकीचा तळ जमिनीवर घासून झिजलेला असतो. सगळीकडे एकसारखा काळा असेल तर शंका घ्या.

---

काष्ठवेडी

जुनाबाजार, माझं मत स्पष्ट सांगते. ज्या टेकूवर खरोखर कुणी आयुष्यभर डोकं ठेवलं तो मी विकत घेणार नाही. लुबांमध्ये परगावी मेलेल्या माणसाचा देह आणता आला नाही तर त्याच्याऐवजी त्याचा टेकू पुरल्याची नोंद आहे. ज्या वस्तूला माणसाच्या देहाची जागा देता येते, ती बाजारात कशी आली असेल याचा विचार मला झोपू देणार नाही. १८९० मध्ये माशोनालँडवर, म्हणजे शोनांच्या मुलखावर, ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचा अंमल बसला, १८९६-९७ चा उठाव चिरडला गेला, पुढे मिशन आली, करासाठी आणि खाणींसाठी पुरुष घर सोडून गेले. केस कापले गेले, उशी मऊ झाली आणि टेकू परदेशी गेले. काही भेट म्हणून दिलेही गेले असतील, पण पाटीवर त्याचा मागमूस नसतो.

आवड असेल तर नैरोबीकर म्हणतात तसा नवा घ्यावा.

---

मीनलत

एक प्रश्न राहिला. हे बहुतेक पुरुषांचंच दिसतंय. बायका कशावर झोपायच्या?

---

काष्ठवेडी

छान विचारलंस मीनल. जागेनुसार बदलतं. सोमाली गुराख्यांचा ‘बरकिन’ पुरुषांबरोबर फिरणारा. त्याची बैठक मुद्दाम अरुंद ठेवतात असं सांगतात, म्हणजे गाढ झोप लागली की टेकू कलतो आणि राखणदार जागा होतो.

पण झुलू लोकांत ‘इसिग्कीकी’ लग्नाशी बांधलेली आहे. नवरी सासरी येताना सामानात टेकू आणायची, स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी. विवाहित झुलू स्त्रिया केस तेल आणि गेरूने माखून डोक्यावर उंच बांधत, त्याला ‘इसिचोलो’ म्हणतात. पुढे त्याच आकाराची टोपी आली, ती आजही समारंभात दिसते. अशा केसांना टेकू हवाच. झुलू टेकूंना जाड पाय असतात, कधी शेपूटही, म्हणजे ते गाईगुरांची आठवण करून देतात, आणि लग्नात वराकडून गुरं यायची. काहींवर ‘अमासुम्पा’ नावाची चामखिळीसारखी उठावदार नक्षी असते, तिचा संबंध राजघराण्याशी लावतात.

इथिओपियातही अनेक भागांत बायका केसांना लोणी लावून रचना करत आणि टेकू वापरत. त्या टेकूंमध्ये मुरलेल्या लोण्याचा काळपट थर स्पष्ट दिसतो. रंधापटाशी, तो थर लाकडाला तडे जाण्यापासून वाचवत असेल का? तुमचं मत वाचायला आवडेल.

---

रंधापटाशी

हो, मदत नक्की होत असेल. लाकूड तडकतं ते ओल आत-बाहेर भराभर होते म्हणून. स्निग्धपणा मुरला की ती ये-जा मंदावते. आम्ही नव्या कामाला जवसाचं तेल पाजतो ते याचसाठी. फरक इतकाच की आम्ही चारदोन हात देतो, तिथे रोज रात्री एक हात मिळत होता. संग्रहालयात आल्यावर तो बंद होतो, त्यामुळे तिथे हवेतली ओल सांभाळणं जास्त गरजेचं.

---

मीनलत

दोघांनाही धन्यवाद. झुलूंच्या लग्नातल्या सामानावर वेगळा धागा काढाल का ताई? तिथे गुरांच्या देवघेवीबद्दलही विचारायचं आहे.

---

काष्ठवेडी

काढते. नैरोबीकर, तोवर तुम्ही एकिचोलॉन्गची वादी कशी बांधतात त्याचा जवळून घेतलेला फोटो इथे टाका. खांबाला भोक पाडतात की नुसता वेढा देतात, हे मला छापील फोटोंत नीट दिसत नाही.